कळसूबाईच्या वर सोळा तास

एसटीच्या आरक्षण खिडकीत मी एकतीस वर्षं काढली. लोकांनी हजार प्रश्न विचारले. गाडी फलाटावर कधी लागते, घाटात उलटी होते तर पुढची सीट मिळेल का, कंडक्टर सुट्टे देतो का. पण "मला बरं नाहीये, मी जाऊ का?" असं एकतीस वर्षांत एकानंही विचारलं नाही. माणूस खिडकीशी येतो तो जायचं ठरवूनच येतो. अंगात ताप असला तर तापाची गोळी खातो, मफलर गुंडाळतो आणि मागच्या सीटवर जाऊन बसतो.

म्हणून २०१८ साली आमच्या ह्यांनी जे केलं त्याचा मला राग आला, नवल नाही वाटलं.

लेक न्यू जर्सीला. तिच्याकडे आमची पहिली वारी. निघायच्या चार दिवस आधी ह्यांना सर्दी झाली. नाक चोंदलेलं, आवाज घोगरा. मी म्हटलं, "अहो, डॉक्टरांना दाखवून येऊ." तर म्हणाले, "अगं, गप. कुणाला बोलू नकोस. विमानतळावर कळलं तर चढू द्यायचे नाहीत, तिकिटाचे पैसे बुडतील." आणि अख्खा प्रवास रुमालात तोंड घालून केला.

विमान खाली उतरायला लागलं तसे कानाला दडे बसले. दडे आपल्यालाही घाटात बसतात, आवंढा गिळला की सुटतात. ह्यांचे सुटेनात. सर्दीनं कान आणि घसा यांच्यामधली ती बारीक नळी सुजलेली, मग आतली आणि बाहेरची हवा सारखी व्हायची कशी? नेवार्क दिसायला लागलं तेव्हा माणूस कान दाबून डोळ्यांत पाणी आणून बसलेला. पुढं आठवडाभर डाव्या कानानं नीट ऐकू येत नव्हतं. जावयांना वाटलं सासरे रागावलेत.

एवढ्यावर भागलं नाही. ह्यांना इन्सुलिन आहे. (साखर कारखान्याच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं केमिस्ट, आणि मधुमेह. कराडात हा विनोद आता कुणी करत नाही, इतका जुना झालाय.) मी आपली हुशारी करून सगळी इन्सुलिनची पेनं डीप फ्रीजमधल्या बर्फाच्या पाकिटांत गुंडाळली आणि मोठ्या बॅगेत, भाजणीच्या पीठाशेजारी ठेवली. ती बॅग गेली विमानाच्या पोटात. पोचल्यावर दोन दिवस ह्यांची साखर तीनशेच्या खाली येईना. आम्ही म्हणतोय प्रवासाचा ताण, लेकीनं केलेले गुलाबजाम, हवा बदल. शेवटी लेकीनंच विचारलं, "आई, हे गोठलं होतं का गं?" गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नसतं, दिसायला मात्र बरेचदा तसंच दिसतं. माझ्या बर्फानं गोठलं की सामानाच्या कप्प्यातल्या थंडीनं, ते आता सांगता येणार नाही. तिथल्या डॉक्टरांची फी आणि नवीन पेनांचे डॉलर मी रुपयांत कधीच मोजले नाहीत. ह्यांनी मोजले.

तर ही आमची पूर्वपीठिका.

२०२४ च्या जानेवारीत ह्यांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. आणि जूनमध्ये लेकीचं बाळंतपण. मे महिन्याची तिकिटं. घरी आल्याआल्या माझ्या नवऱ्याचं पहिलं वाक्य: "हार्टचं कुणाला सांगायची गरज नाही. स्टेंट नवा, माणूस नवा."

या वेळी मी ऐकलं नाही. निघायच्या सहा आठवडे आधी दोघं डॉक्टरांपुढं जाऊन बसलो. सहा आठवडे यासाठी, की काही तपासण्या निघाल्या, एखादी गोळी बदलली, तर ती अंगाला मानवते की नाही हे घरी असतानाच कळावं. आदल्या आठवड्यात जाऊन डॉक्टर तरी काय करणार, "जपून जा" म्हणणार.

डॉक्टर तरुण आहेत, आम्हाला काका-काकू म्हणतात. त्यांनी मला उलटाच प्रश्न विचारला. "काकू, कळसूबाई चढलाय का कधी?"

चढलेय. कॉलेजात असताना, बारी गावाकडून, त्या लोखंडी शिड्यांवरून. आता दोन जिने चढले तर मधे थांबून खिडकीतून उगाच बाहेर बघते.

"कळसूबाई १६४६ मीटर. विमान उडतं दहा-अकरा किलोमीटरवर, पण आतली हवा दाबून ठेवलेली असते. तरी जमिनीवरच्याइतकी नाही. जास्तीत जास्त २४०० मीटर उंचीवर जेवढी असेल तेवढी, नव्या जातीच्या काही विमानांत साधारण १८०० मीटरची. म्हणजे काय, तर काकांना कळसूबाईच्या शिखराच्याही वर नेऊन सोळा तास बसवायचंय. खुर्चीत बसून, ब्लँकेट घेऊन, पण बसवायचंय तिथंच."

मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. विमानात बसलं की बसलं, एसटीसारखंच, फक्त खड्डे नाहीत, अशी माझी समजूत. २४०० मीटरवर प्रत्येक श्वासात प्राणवायू साधारण पाव हिस्सा कमी मिळतो. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. ज्याचं हृदय, फुप्फुस किंवा रक्त आधीच काटकसरीनं चाललंय, त्याला जाणवतं.

इथं आमच्या ह्यांना कंठ फुटला. कारखान्यात रसाचा पाक आटवायला जे व्हॅक्यूम पॅन असतात, त्यांत दाब कमी केलेला असतो म्हणून पाक कमी उष्णतेला उकळतो, साखर जळत नाही. चौतीस वर्षं ते हेच बघत आले. "म्हणजे केबिन म्हणजे अगदी हलका व्हॅक्यूम पॅनच म्हणा की! मग आतला गॅस फुगणार." डॉक्टर खूश. फुगतोच, जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं. पोटातला वायू फुगतो, म्हणून विमानात पोट तडस लागल्यासारखं होतं. निघायच्या दिवशी वाल, हरभऱ्याची उसळ, सोडा हे नको. पण शरीरात जिथं हवेला बाहेर पडायला वाट नाही, तिथं तिचं फुगणं गंमतीचं राहत नाही. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल, फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा साठली असेल, तर विमान नाहीच, डॉक्टर हो म्हणेपर्यंत.

आमच्या शेजारचे अण्णा याच धोक्यातून थोडक्यात वाचले. त्यांचा डोळ्याचा पडदा सुटला होता, ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅसचा फुगा सोडलेला. तो हळूहळू आपोआप विरतो, पण तोवर काही आठवडे जातात. मुलानं कोल्हापूर-हैदराबाद विमानाचं तिकीट काढलं, नातवाच्या मुंजीला. अण्णा फेरतपासणीला गेले असताना सहज बोलून गेले आणि डोळ्यांचे डॉक्टर खुर्चीतून उठलेच. डोळ्यातला फुगा वर जाऊन फुगला तर नजर जाऊ शकते. विमान तर सोडाच, महाबळेश्वरचा घाटही चढायचा नाही, असं सांगितलं. अण्णा मुंज चुकली म्हणून अजून हळहळतात.

असो. डॉक्टरांनी ह्यांची इको केली, ईसीजी काढला, मग म्हणाले, "काका, चला, आमचा जिना चढून दाखवा." एक मजला. नेहमीच्या चालीनं, मधे न थांबता. डॉक्टर मागून, मी त्यांच्या मागून, आणि रिसेप्शनवरची मुलगी खालून बघतेय. काका चढले. धाप लागली नाही, छातीत दुखलं नाही. डॉक्टर म्हणाले, एवढं जमतं तो माणूस सहसा विमान सोसतो. एवढी साधी परीक्षा! दम लागला असता तर पुढच्या तपासण्या, कदाचित विमानात प्राणवायूची सोय. ती सोय आयत्या वेळी होत नाही. घरचा सिलिंडर विमानात नेऊ देत नाहीत. बॅटरीवरचं छोटं यंत्र चालतं, पण कंपनीची परवानगी आधी लागते आणि बॅटऱ्या प्रवासाच्या वेळेच्या दीडपट पुराव्या लागतात.

आता "चढू देणार नाहीत" या भीतीचं. मी स्वतः विमान कंपनीला फोन लावला. हे शेजारी उभे राहून खुणा करत होते, सांगू नको म्हणून. मी सगळं सांगितलं. चार महिन्यांपूर्वीची अँजिओप्लास्टी, इन्सुलिन, गोळ्या. पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकलं. डॉक्टरांनी भरून द्यायचा एक फॉर्म असतो, त्याला मेडिफ म्हणतात. नुकतं ऑपरेशन झालंय, अलीकडेच हार्ट अटॅक आलाय, प्राणवायू लागतोय, अशांना तो भरावा लागतो. आमच्या बाबतीत डॉक्टरांचं पत्र पुरे म्हणाली. संपलं. कुणी अडवलं नाही.

ते पत्र मात्र नीट लिहून घ्या. आमच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर टाइप करून दिलं: आजार कोणते, स्टेंट कधी, आणि औषधांची मूळ नावं. आपल्याकडच्या ब्रँडची नावं तिकडच्या केमिस्टला कळत नाहीत, मूळ नाव जगात सगळीकडे चालतं. आणि गोळ्या त्यांच्या पट्टीतच राहू द्या. पहिल्या वारीला मी सगळ्या गोळ्या सोलून च्यवनप्राशच्या रिकाम्या बरणीत भरल्या होत्या, जागा वाचावी म्हणून. शिवाय साध्या प्लास्टिकच्या पिशवीत त्रिफळा चूर्ण, पाव किलो. आज आठवलं की वाटतं, त्या दिवशी कस्टमवाल्यानं बॅग उघडली नाही ही आईची कृपा. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही गोळ्या परदेशात नियंत्रित असतात. ट्रामाडॉलसारखी वेदनेची गोळी घेऊन संयुक्त अरब अमिरातीत उतरणार असाल तर तिथले नियम आधी बघा.

व्हीलचेअरवरून आमच्यात तीन दिवस अबोला होता. "मी काय अपंग आहे? आत्ताच जिना चढून दाखवला!" मी एसटीतली, मला अंतरं कळतात. मुंबई विमानतळावर दारापासून गेटपर्यंतचं चालणं, वर रांगा, खांद्याला औषधांची पिशवी. तेही रात्री. लेकीनं समजावलं: "बाबा, तिच्यातही प्रकार असतात. तुम्ही पायऱ्या चढता, फक्त लांब चालायला मदत हवी. त्यासाठी वेगळा कोड आहे." डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढू शकणारे, शेवटी आरच्या जागी एस म्हणजे पायऱ्या न जमणारे, सी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागणारे. आपला वर्ग पहिला, म्हटल्यावर स्वारी जरा नरमली. जणू पहिल्या वर्गाचं तिकीट! विमानतळावर पोचलो तर व्हीलचेअरची रांगच रांग, त्यात नऊवारीतल्या आजी, धोतरातले आजोबा. एक जण साताऱ्याचेच निघाले. दोघांच्या खुर्च्या शेजारी लावल्या आणि उसाच्या दरावर गप्पा सुरू.

आता पायांचं. विमानाचा प्रवास सोळा तास, असं सगळे म्हणतात. मी मोजला. कराडहून दुपारी निघालो, मुंबईला सहा-सात तास गाडीत बसून. विमानतळावर चार तास बसून. मग सोळा तास बसून. म्हणजे सव्वीस-सत्तावीस तास माणूस काटकोनात. पोटरीतलं रक्त साकळून गुठळी होते ती अशा बसण्यानं, त्याला विमानच लागतं असं नाही, एसटीही चालते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. चार तासांहून लांब प्रवासात धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसांत तो तरी किती, तर चार तासांहून लांबच्या ६००० विमानप्रवासांमागं एक. घाबरण्याएवढा नाही. पण वय, वजन, नुकतंच झालेलं ऑपरेशन, कॅन्सर, आधी कधी झालेली गुठळी, गर्भारपण, पाळी पुढं ढकलायच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या, यातलं काही असेल तर आधी विचारायचं. देवदर्शनाला निघताना पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

दाब देणारे गुडघ्यापर्यंतचे मोजे घेतले. मधुमेह्यांनी ते दुकानातून परस्पर आणायचे नाहीत. डॉक्टरांनी आधी ह्यांच्या पावलांची नाडी बघितली, रक्तपुरवठा चांगला आहे ना ते. मग माप, तेही सकाळी, पाय सुजायच्या आत. ते मोजे चढवणं म्हणजे गव्हाच्या पोत्याला उशीचा अभ्रा घालणं आहे. पहाटे सहाला पलंगावर बसून मी ओढतेय, हे "अगं हळू, पाय माझा आहे" म्हणतायत. दोघंही घामाघूम. पण नेवार्कला उतरल्यावर बूट पायात गेले. २०१८ ला हातात घेऊन उतरलो होतो.

आणि पाणी. आपल्या बायका एसटीत बसायच्या आधीपासून पाणी बंद करतात, स्टँडवरची स्वच्छतागृहं बघून. मी स्वतः ती सवय एकतीस वर्षं बाळगली. विमानात हवा आपल्या मे महिन्याहून कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली. तिथं पाणी तोडलं तर डोकं दुखतं, बद्धकोष्ठ होतं, लघवीला जळजळ होते. मी या वेळी हट्टानं कडेची सीट घेतली, म्हणजे उठायला कुणाची मनधरणी नको. उठलं की चालणं होतं, एका कामात दोन कामं. ह्यांची लघवी होण्याची गोळी सकाळची असते. ती बंद करायची नाही, फक्त वेळ सरकवायची, आणि ती कधी ते डॉक्टरांनी ठरवून दिलं. परस्पर गोळी चुकवणारे प्रवासी मी पाहिलेत. आमच्या घरातच एक आहे.

इन्सुलिन या वेळी हातातल्या पिशवीत, सगळंच्या सगळं, लागेल त्याच्या दुप्पट, आणि त्यातलं अर्धं माझ्या पर्समध्ये. एक पिशवी हरवली तर दुसरी. सुरक्षातपासणीत पत्र दाखवलं, कुणी काही म्हणालं नाही. वेळेचा गोंधळ मोठा. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं. मग रात्रीचं इन्सुलिन कुठल्या रात्रीचं? डॉक्टरांनी कागदावर दोन रांगा काढल्या, वर भारताची वेळ, खाली तिकडची, आणि कुठं किती टोचायचं ते लिहिलं. आकडे मी इथं देणार नाही, ते ज्याचे त्याचे. ह्यांनी दोन मनगटांवर दोन घड्याळं बांधली. मुंबईत तपासणीला दोन्ही काढताना मागच्या मुलाला हसू आवरेना.

एवढं सगळं करूनही चूक झालीच. डॉक्टरांनी बजावलं होतं: जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय घ्यायचं नाही. ह्यांना वास आला. पुढच्या ओळींत ट्रे वाटताहेत, म्हणजे पाच मिनिटांत इथं, असा हिशेब करून टोचून मोकळे. आणि विमान हलायला लागलं. पट्टे बांधा, वाटप बंद, गाडा मागं गेला. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. ह्यांच्या कपाळावर घाम, बोलणं जरा जड. बोट टोचून बघितलं तर साखर ६४. पर्समध्ये ग्लुकोजची पावडर होती, ती आधी दिली, मग राजगिऱ्याची चिक्की. पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ९८. शेजारच्या सीटवरचा गोरा गृहस्थ काळजीनं विचारत होता, त्यालाही एक चिक्की दिली. मग गाडा आला. मधुमेह्यांचं खास जेवण आधी मागवून ठेवलं होतं. त्यात भात चमचाभर आणि उकडलेल्या भाज्या. ज्याच्या अंगात इन्सुलिन आहे त्याला ते अपुरंच. माझ्या ट्रेमधला पावही त्यांनीच खाल्ला.

कोरोनातला ऑक्सिमीटर घरी पडून होता, तो मी नेला होता. घरी ह्यांचं ९७. विमानात बघितलं, ९२. पोटात गोळा आला. मग स्वतःचं बोट घातलं, ९३. डॉक्टर म्हणाले होते, "विमानात एवढं उतरतंच, बघू नका, बघितलंत तर घाबरू नका." दोन्ही सूचना मोडल्या.

आमच्या भाच्याची एक गोष्ट राहिली. तारकर्लीला सकाळी स्कूबा डायव्हिंग केलं आणि दुपारी गोव्यातल्या मोपाहून विमान. पाण्याखालच्या दाबात रक्तात जो नायट्रोजन विरघळतो, तो वर गेल्यावर बुडबुडे होऊन सांध्यांत, मेंदूत त्रास देऊ शकतो. एक बुडी असली तरी बारा तास थांबावं, जास्त असतील तर अठरा, आणि पूर्ण दिवस थांबलं तर उत्तमच. ह्याची बुडी उथळ होती, काही झालं नाही. पण त्याला ना बोटवाल्यानं सांगितलं, ना तिकीट काढून देणाऱ्यानं.

नात जूनमध्ये झाली. ऑक्टोबरमध्ये आम्ही परतलो. परतीच्या तिकिटाच्या वेळी ह्यांनी स्वतः फोन घेतला आणि इंग्रजीत म्हणाले, "अँड वन व्हीलचेअर, आर टाइप."

परवा पलीकडच्या गल्लीतलं जोडपं आलं होतं, मुलाकडे कॅनडाला निघालेत. त्यांना विचारायचं होतं, भाजणी किती किलो चालते आणि लोणच्याची बरणी फुटू नये म्हणून काय करायचं. मी सांगायला लागले. एवढ्यात हे आतून चष्मा लावून आले, त्या भाऊंच्या घोट्यांकडे बघितलं, आणि म्हणाले, "लोणच्याचं नंतर बघू. आधी आमचा जिना चढून दाखवा."